झटक्याच्या कुंपणाची तार जोडताना: हाताचं क्रिम्पिंग टूल, स्लीव्ह आणि माप

सेनगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलं आहे: "हरभऱ्यात रोही आणि डुकरं फार शिरतात, म्हणून सहा एकराला झटका मशीनचं कुंपण केलं. तार अडीच एमएमची, एचटी (हाय टेन्साइल). जिथं जिथं पीळ मारून जोड दिला तिथं ती सरकते, आणि थंडीत तर तुटलीसुद्धा. ऑनलाइन हातानं दाबायचं क्रिम्पिंग टूल दिसतंय. ते घ्यावं का? त्याचा जोड टिकतो का? गावातल्या इलेक्ट्रिशियनकडं लग दाबायची पक्कड आहे, तिनंच भागेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण इथंच पुष्कळांचे पैसे आणि मेहनत वाया जाते. लग दाबायच्या पकडीनं भागणार नाही. ती मोटारीच्या केबलसाठी असते. तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्यात, घालून दाबला की तारा एकमेकींत बसतात आणि करंट नीट जातो. ओढ सहन करणं हे त्या जोडाचं कामच नाही. कुंपणाची एचटी तार मात्र एकसंध, कडक पोलादाची असते आणि तिच्यावर रात्रंदिवस ओढ असते. त्या पकडीनं दाबलेली नळी वरून चांगली चेपलेली दिसते, पण ताण दिला की तार आतून अलगद निघून येते. कुंपणासाठी लांब दांड्यांचं वेगळं टूल मिळतं. त्याच्या जबड्यात तारेच्या मापाप्रमाणे दोन-तीन खाचा असतात आणि बहुतेक टूलमध्ये तार कापायची धारही असते. क्रिम्पिंग टूल म्हणून मागवताना तेच येतंय ना, हे खात्रीनं बघून घ्या.

तुमचा पीळ का सरकतो, ते आधी बघू. साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार मऊ असते. तिचे वेढे एकमेकींवर घट्ट बसतात आणि बसले तसे राहतात. चारी बाजूंनी काटेरी तार ओढलेली असते तिथं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पीळच चालत आला, आणि तिथं तो चालतोही. एचटी तार मात्र वळवली की परत सरळ व्हायला बघते. पीळ देताना कितीही जोर लावला तरी वेढे थोडे उघडेच राहतात. गाठ मारली तर गाठीच्या सर्वात तीक्ष्ण वळणावर तारेची बरीच ताकद जाते आणि पुढं ती तिथंच तुटते. अडीच एमएमची चांगली एचटी तार ५०० किलोच्या पुढं ओढ घेते, त्याच जाडीची मऊ जीआय तार २०० किलोच्या आसपास तुटते. पैसे एचटीचे मोजले आणि जोड पिळाचा दिला, तर ती ज्यादा ताकद जोडापाशीच संपली.

थंडीत तुटण्याचं कारणही यातच आहे. पोलाद तापलं की लांबतं, गार झालं की आखडतं. आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास येतो. ३० अंशांचा हा फरक १०० मीटर तारेला साडेतीन सेंटिमीटर लांब-आखूड करायला पुरतो. दोन्ही टोकं खांबाला पक्की बांधलेली असतील तर तार आखडू शकत नाही, मग तिच्यातला ताण वाढतो. अडीच एमएमच्या तारेत तो ३५ किलोच्या घरात जातो. भर उन्हाळ्यात १०० किलोचा ताण देऊन ठेवला असेल तर पौषाच्या पहाटे तोच १३५ झालेला असतो. त्यात रोह्याचा मोठा नर, २०० किलोच्या आसपासचं धूड, अंधारात तारेवर आला तर धक्का जोडालाच बसणार. त्यातून आपली काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि कोपऱ्याचे खांब दरवर्षी थोडे थोडे हलवते. खांब हलला की तार कुठं सैल पडते, कुठं ताणली जाते. मुरमाड माळावरच्या कुंपणाला हा त्रास कमी असतो, काळ्या रानात तो धरूनच चालावं लागतं.

म्हणजे जोड असा हवा की बाकीची तार जेवढी ओढ घेते तेवढीच त्यानंही घ्यावी. स्लीव्ह, म्हणजे तारांवर बसवायची धातूची नळी, दाबून केलेला जोड ते काम करतो, पण एका अटीवर: तार, स्लीव्ह आणि टूलची खाच ही तिन्ही मापं एकमेकांना जुळली पाहिजेत. जुळली तर हाताचा साधा दाब पुरतो. न जुळल्यास पैलवान आणला तरी जोड सुटतो. मला या कामात सगळ्यात जास्त वेळ माप घ्यायलाच लागतो, आणि तो वेळ मी कधीच वाचवत नाही.

मापाची सुरुवात दुकानातून होते. मोंढ्यात "बारा नंबरची तार" मागितली की जी तार मिळते ती २.६४ मिलिमीटरची असायला हवी. एचटी तार बहुधा २.५ ची येते, आणि कधी कधी २.५ सांगून २.२ किंवा २ ची हातात पडते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण स्लीव्हला कळतो. एक डिजिटल व्हर्निअर घ्या, स्वस्तात मिळतो, आणि बंडलाच्या दोन-तीन ठिकाणी तार मोजा. व्हर्निअर नसेल तर वजनावरून ओळखा: २.५ ची तार किलोला साधारण २६ मीटर भरते, २ ची भरते ४०. मीटरभर तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २.५ च्या तारेचा ३८ ग्रॅमच्या जरा वर भरला पाहिजे. यातून आणखी एक हिशेब निघतो. २५ किलोच्या बंडलात ६५० मीटर तार येते. तुमचं सहा एकर रान चौकोनी असेल तर त्याचा वेढा सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एक बंडल, एक फेरा. तुकड्या-तुकड्यांची तार स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. प्रत्येक तुकड्यामागं एक जोड वाढतो.

आता स्लीव्ह. ही धातूची आखूड नळी असते, तोंड अंडाकृती, दोन तारा शेजारी-शेजारी जातील एवढं. ॲल्युमिनियमच्या मिळतात आणि तांब्याच्याही मिळतात. कुंपणासाठीच्या तांब्याच्या स्लीव्हवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. नुसत्या लाल तांब्याच्या घेऊ नका. उघडं तांबं आणि जीआय तारेवरचं जस्त एकत्र आले आणि त्यांना ओल मिळाली की जस्त झिजत जातं, मग तिथं गंज धरतो. याच कारणानं घरातल्या वायरिंगची तांब्याची तार कुंपणाच्या तारेला गुंडाळून जोड देणं वाईट. फवारणीचं पाणी, दव, खताचा अंश हे सगळं त्या जागी बसतं आणि दोन हंगामांत तार तिथं कुजल्यासारखी होते. स्लीव्ह ज्या कंपनीची, टूलही शक्यतो त्याच मापाचं घ्या. पाकिटावर तारेचं माप आणि टूलच्या खाचेचा नंबर छापलेला असतो. तो छापलेला नसेल तर ते पाकीट परत ठेवा.

प्रत्यक्ष जोड देण्याआधी मशीन बंद करा. बॅटरीवरून वायर काढा आणि ती काढली आहे हे घरात, आखाड्यावर सगळ्यांना सांगा. सालगड्यानं संध्याकाळ झाली म्हणून सवयीनं मशीन सुरू केल्याचे प्रकार होतात. तुटलेल्या तारेवर अजून ताण असेल तर टेन्शनर, म्हणजे तार ताणायचं साधन, आधी सैल करा. एचटी तार कापली की टोक उसळतं आणि त्याचा नेम डोळ्यावर असतो. साधा गॉगल आणि चामड्याचे हातमोजे घाला, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजू पायाखाली किंवा दुसऱ्याच्या हातात धरा. नवं बंडल सोडतानाही हेच. फिरत्या चाकावर ठेवल्याशिवाय बंडल बांधलेली पट्टी कापू नका, नाहीतर सगळी तार एकदम उलगडते आणि तिचा गुंता सोडवण्यात दिवस जातो.

टोकं घ्या ती स्वच्छ, चकचकीत तारेची. जुनी तार असेल तर गंजलेला भाग कापून मागं या. गंजलेली तार बारीक झालेली असते आणि स्लीव्हमध्ये धरत नाही. माती, ग्रीस, तेल फडक्यानं पुसा. कानस लावू नका, जस्त निघून जातं. बंडलातल्या तारेला वळण असतं, म्हणून शेवटचा हातभर भाग हातानं सरळ करा, नाहीतर स्लीव्ह तिरकी बसते.

मग जोडाला लागतात तेवढ्या सगळ्या स्लीव्ह आधी एका तारेत ओवा. घाईत हे विसरायला होतं. आता दुसऱ्या तारेचं टोक समोरच्या बाजूनं त्याच स्लीव्हमधून घाला, म्हणजे दोन टोकं एकमेकींच्या विरुद्ध दिशेला बाहेर येतील. दोन्ही तारा एकमेकींवर वीतभर तरी आल्या पाहिजेत. स्लीव्ह एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवा. दोन्ही बाजूंना शेवटच्या स्लीव्हच्या बाहेर सेंटिमीटरभर टोक राहू द्या. दाबल्यावर स्लीव्ह थोडी लांबते, आणि टोक आत गेलेलं असेल तर शेवटचा भाग रिकाम्या नळीवरच दाबला जातो.

अडीच एमएमच्या एचटी तारेला सरळ जोडात मी तीन स्लीव्ह घालतो, खांबाला किंवा कोपऱ्याच्या इन्सुलेटरला फासा करून बांधायचं असेल तिथं दोन. एका तारेवरून दुसरीवर नुसता करंट न्यायचा आणि ओढ काहीच नसेल, तर एक पुरते. पाकिटावर कंपनीनं वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. एका स्लीव्हवर ताणाची तार सोडून पैसे वाचवू नका. सगळ्या कुंपणाच्या खर्चात स्लीव्हचा वाटा नगण्य असतो.

आता दाबण्याकडे येऊ. बहुतेक चुकलेले जोड इथंच चुकलेले असतात. अंडाकृती स्लीव्ह जबड्यात अशी धरायची की दाब तिच्या लांब व्यासावर येईल, म्हणजे दोन तारा एकमेकींकडे ढकलल्या जातील आणि दाबून झाल्यावर नळी गोल होईल. आडवी धरून चपट्या अंगावर दाबली तर ती पट्टीसारखी सपाट होते, कडेला फाकते, आणि तारेभोवती धातू बसतच नाही. दाबलेली स्लीव्ह हातात घेऊन बघा. गोल, सरळ, भेग नसलेली असली तरच ती चांगली. वाकडी झाली असेल तर कापून टाका, हातोडीनं सरळ करायला जाऊ नका.

दांडे पूर्ण मिटेपर्यंत दाबायचं. टूलला थांबा असतो, तिथं ठोक लागली की काम झालं. अर्ध्यात सोडलेला दाब बाहेरून दिसत नाही आणि तोच पुढं दगा देतो. हाताला जोर कमी पडत असेल तर एक दांडा कडक जमिनीवर किंवा खांबावर टेकवा आणि दुसऱ्यावर अंगाचा भार टाका. साधारण दोन फुटी टूलला हे सहज जमतं, म्हणून वीतभर लांबीची छोटी क्रिम्पर अडीच एमएमसाठी घेऊ नका असं मी सांगतो. जबडा स्लीव्हपेक्षा अरुंद असेल तर एकाच स्लीव्हवर दोन-तीन दाब द्यावे लागतात. आधी मधोमध, मग दोन्ही कडांकडे, आणि दोन दाबांच्या मध्ये थोडी जागा सोडून.

टूलबरोबर एक चपटी पट्टी येते, तिच्यात खाच असते. पुष्कळ जण ती खोक्यातच ठेवून देतात. ती गेज आहे. दाबलेली स्लीव्ह त्या खाचेतून सहज गेली तर दाब पुरेसा, अडकली तर टूल सैल झालंय. जबड्याच्या मागं बोल्ट असतात, ते दोन्ही सारखे थोडे थोडे आवळून परत एक नमुना दाबून बघा. हाताचं टूल वापरता-वापरता सैल होतंच. दिवसाच्या कामाची सुरुवात मी एका वाया घालवायच्या स्लीव्हनं करतो: तुकड्यावर दाबायची, गेजमधून काढायची, मगच कुंपणाला हात लावायचा. गेज हरवली असेल तर पाकिटावरच्या दाबल्यानंतरच्या मापाशी व्हर्निअर लावून पडताळा.

जोड झाला की परीक्षा. मार्करनं दोन्ही तारांवर, स्लीव्हच्या कडेला चिकटून, एक-एक रेघ मारा. टेन्शनर हळूहळू ताणा, नेहमीच्या ताणापर्यंत, आणि रेघ बघा. स्लीव्हपासून रेघ एका केसानंही लांब गेली तर तार सरकली, जोड कापा आणि नव्यानं करा. आठवड्यानं परत बघा. ट्रॅक्टरला बांधून जोड ओढून बघायचा उद्योग करू नका. तुटलेली एचटी तार माणसाचा चेहरा फाडते.

ताण १०० किलोच्या आसपास पुरतो. झटक्याच्या कुंपणाला जनावर शॉकनं अडवायचं असतं, तारेच्या जोरानं अडवायचं नसतं. लांब पट्ट्यात एक स्प्रिंग टाका. थंडीतली ओढ आणि रोह्याचा धक्का ती पोटात घेते. माझ्या मते काळ्या रानात ती ऐच्छिक नाहीच.

जोडाची जागा दोन खांबांच्या मध्ये असावी. इन्सुलेटरमध्ये किंवा त्याला खेटून जोड आला तर तार मोकळी सरकत नाही आणि स्लीव्ह घासते. बाहेर राहिलेली टोकं खालच्या-वरच्या तारेकडे किंवा लोखंडी अँगलकडे वळलेली नाहीत ना, ते बघा. सेंटिमीटरभराचं टोकसुद्धा ओल्या रात्री अँगलला करंट देऊन बसतं.

करंटच्या दृष्टीनंही दाबलेला जोड पिळापेक्षा फार उजवा आहे. पोलादाची तार मुळातच करंटला अडवते, अडीच एमएमला किलोमीटरला ३० ओहमच्या पुढं. त्यात प्रत्येक गंजलेला पीळ भर टाकतो. मशीनपासून लांबच्या कोपऱ्यात झटका कमजोर येतो अशी तक्रार आली की लोक मशीनला दोष देतात. मी आधी जोड बघतो, मग अर्थिंग. सैल जोड शोधायला रात्री लाइट बंद करून धुऱ्यानं चाला. सेकंदाला साधारण एक ठोका पडतो, त्याच लयीत टिकटिक ऐकू येते, ठिणगीही दिसते. आकाशवाणी परभणी ज्यावर ऐकत होता तो जुना मिडियम वेव्हचा रेडिओ घरात असेल तर तो कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी लावून तारेजवळून न्या. खराब जोडापाशी त्याची खरखर ठोक्या-ठोक्याला वाढते. अर्थिंगचं एवढंच सांगतो: काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि सळईपासून सुटते. तीन सळया, तीन-तीन मीटर अंतरावर, खोल ठोका आणि चैत्र-वैशाखात तिथं पाणी ओतत जा.

काटेरी तारेला आणि जाळीला हे टूल फारसं लागत नाही. काटेरी तार दोन पदरी असते, तिथं फाशात फासा अडकवून वेढे देणं पुरतं. जाळीचे दोन तुकडे जाळीचीच एक नागमोडी तार ओवून जोडतात. जाळीतून जाणारी ताणतार एचटी असेल तेवढीच स्लीव्हनं जोडा. आत दातेरी चकत्या असलेले, तार आत सरकवली की धरून बसणारे जॉइनरही मिळतात. चांगले असतात, टूल लागत नाही, नंतर ताणही देता येतो, पण नग महाग पडतो. दोन-चार जोडांसाठी तेच घ्या. वेडी बाभूळ पडून तार वारंवार तुटते, असं रान असेल तर टूल परवडतं.

एक गोष्ट विचारलेली नाही तरी सांगतो, कारण जोड दुरुस्त करायला गेलेली माणसं यातच जातात. झटका कमी येतो म्हणून कुणी कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडला असेल, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, तर तो आजच काढायला लावा. मशीनचा ठोका क्षणभराचा आणि मोजका असतो, म्हणून जनावर झटका खाऊन मागं सरतं. लाइनचा करंट धरून ठेवतो. त्यात डुकराआधी भल्या पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस सापडतो, शेतातून जाणारं पोर सापडतं. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वीजचोरीचा वेगळा, आणि काळवीट मेलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, त्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. दिवसा तारेला हात लावण्याआधीसुद्धा टेस्टर लावून खात्री करा, विशेषतः कुंपण दोघांच्या सामाईक धुऱ्यावर असेल तर.

तर टूल घ्यावं का? तुमच्याकडं सहा एकराला चार-पाच पदर, म्हणजे तारेचे फेरे, असतील, कोपऱ्याचे फासे धरले तर जोडांची संख्या चांगली भरते, आणि दरवर्षी दुरुस्ती निघणारच. घ्या. एकट्याला जड वाटत असेल तर धुऱ्याला लागून असलेल्या तिघा-चौघांत मिळून घ्या, फक्त सगळ्यांची तार एकाच मापाची आहे ना ते आधी बघा. गेज टूलच्या दांड्याला तारेनं बांधून ठेवा, म्हणजे टूल ज्याच्या घरी जाईल त्याच्याबरोबर तीही जाईल. आत्ता थंडीत सरकलेले जे पीळ आहेत ते सगळे एकाच वेळी कापा, अर्धे पिळाचे आणि अर्धे स्लीव्हचे असं ठेवू नका, कारण पुढची ओढ आली की उरलेले पीळच सुटतील. सुरुवात कोपऱ्यालगतच्या जोडांपासून करा आणि खालच्या पदरापासून वर जा. डुक्कर खालच्याच तारेखाली नाक घालतं.